वरची ओळ

माझी आई अकरा वर्षं रोज कामावर जाऊन नेमकं काय करते, हे मला एका वेबसाइटने विचारलं तेव्हा कळलं. तोवर मी आईला कधी विचारलंच नव्हतं. श्रम, शोषण, प्रतिष्ठा या शब्दांवर मी कॉलेजात तासन्‌तास भाषणं दिली होती, भित्तिपत्रकं लिहिली होती, एका प्राध्यापकांना रडवलंही होतं. पण संध्याकाळी बसमधून उतरून आलेल्या बाईला "आज काय केलंस?" एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. म्हणून या हकिकतीतला पहिला राग माझा माझ्यावर आहे. दुसरेही आहेत.

आम्ही इंदूरला, सुदामा नगरच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहतो. बाबांनी राजवाड्याजवळच्या एका बोळातल्या छापखान्यात उभं आयुष्य काढलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं आणि जयंतीच्या दिवशी महूला वाटल्या जाणाऱ्या आमच्या समाजाच्या पुस्तिका. मशीनवर बिघडलेले ताव ते घरी आणायचे. मी कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवली आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे मी सलग वाचलेलं पहिलं वाक्य "बंधू-भगिनींनो, किती दिवस सहन करणार?" हे होतं. आई सांगते, मी ते दुधाच्या ग्लासाकडे बघून म्हणायचे.

आमच्या घरात देव नव्हते, नियम होते. त्यातला एक फॉर्मचा होता. माझे आजोबा महूला एका क्लबच्या स्वयंपाकघरात स्वयंपाकी होते. त्यांना लिहिता येत नसे. रजिस्टर भरणाऱ्या बाबूने त्यांच्याकडे वर-खाली पाहिलं आणि कामाच्या रकान्यात "भांडी" लिहिलं. आजोबा तीस वर्षं रस्सा करत राहिले आणि कागदावर भांडी घासत राहिले. बाबांनी त्यातून एक कायदा काढला: फॉर्मवर दोन ओळी असतील आणि दोन्ही खऱ्या असतील, तर नेहमी वरची निवडायची. खालची ओळ दुसरे आपल्यासाठी निवडतातच, आपण कशाला निवडायची? माझ्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात त्यांनी "मजूर" कधी लिहिलं नाही. "मुद्रण" लिहिलं. आमच्या नात्यातल्या कुणाचाही फॉर्म असो, तो आधी बाबांकडे यायचा आणि बाबा बोट ठेवायचे, ही ओळ. मला हा कायदा अजूनही बरोबर वाटतो. याच कायद्याने आईची नोकरी जवळजवळ घालवली.

आई सिमरोलच्या अलीकडे, रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या एका खासगी कॉलेजात कामाला आहे. सकाळी सहाच्या बसने जाते. कॉलेजची नव्हे, ठेकेदाराची कर्मचारी. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो. मग त्या दिवशी सगळ्या बायकांना गेटबाहेर उभं करतात, नवा ठेकेदार गाडीतून उतरतो आणि बोटाने सांगतो: तू, तू, तू नाही. आई अशा रांगेत चार वेळा उभी राहिली आहे. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी ती केसांना मेंदी लावायची, पांढरे दिसू नयेत म्हणून. ती मेंदी मला हौस वाटायची.

गेल्या वर्षी कॉलेजने नोटीस लावली. रसायनशास्त्राच्या लॅबसाठी, म्हणजे आई जिथे असते तिथेच, दोन माणसं थेट कॉलेजच्या पटावर घेणार, ठेक्यावरच्यांनाही अर्ज करता येईल. त्याच महिन्यात ठेकाही बदलणार होता, आणि येणारा ठेकेदार स्वतःच्या गावची माणसं बसने आणतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे आईपुढे दोनच गोष्टी होत्या. ही जागा, नाहीतर घर. गेटबाहेर पाचव्यांदा उभं राहिल्यावर मेंदीने काम भागलं नसतं.

अर्ज ऑनलाइन होता. भरतीचं काम कॉलेजने एका एजन्सीला दिलं होतं, आणि एजन्सीची अट अशी की आधी एका जॉब पोर्टलवर नाव नोंदवा, तिथल्या व्यवसायांच्या यादीतून आपला व्यवसाय निवडा आणि त्याचा क्रमांक अर्जात घाला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं माझ्या जुन्या लॅपटॉपपुढे बसलो. मी एका ऑफिसात वेबसाइटसाठी मजकूर लिहिते, त्यामुळे घरात "कम्प्युटरवालं" सगळं माझ्याकडे येतं. पोर्टलवर आधी एक चाचणी होती. तुमची माहिती भरा, आम्ही व्यवसाय सुचवू. मी भरलं: स्त्री, वय सत्तेचाळीस, शिक्षण आठवी. त्याने सुचवलं: घरकाम, पापड-लोणची, मुलं सांभाळणं, साफसफाई. मी मागे गेले, "स्त्री"च्या जागी "पुरुष" केलं, बाकी काही बदललं नाही. आता आलं: वाहनचालक, सुरक्षारक्षक, गोदाम, मशीनवरचा मदतनीस.

"बघा," मी बाबांना म्हणाले. "हे मशीन आहे म्हणे."

"मशीनला कुणीतरी शिकवलंच असेल ना," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "चला, मिशी लावते आणि गोदामात जाते. तिथे पंखा तरी असेल."

चाचणी सोडून मी थेट यादी उघडली. आणि इथे मला कबूल केलं पाहिजे की पहिला अर्धा तास मला ती आवडली. हजारो कामं, प्रत्येकाला क्रमांक, खाली वर्णन: हा माणूस काय करतो, कोणती अवजारं वापरतो, कुठे उभा राहतो, किती शिकलेला हवा, कौशल्याची पातळी कोणती. जगातलं प्रत्येक काम कुणीतरी नाव देऊन लिहून ठेवलंय ही कल्पना, पत्रकांवर वाढलेल्या माणसाला, चढतेच. आई तर खूश झाली. तिने फर्माइशी सुरू केल्या. "भजे तळणारा आहे का? बँडवाला बघ. दाई बघ. मेल्याला अंघोळ घालणारा?" सगळे होते.

"यांचं बघ," ती बाबांकडे हनुवटी करून म्हणाली.

मी "कंपोझिटर" टाइप केलं. सुट्या खिळ्यांची जुळणी इंदूरमध्ये कधीच बंद झाली. बाबांनी तरुणपणी केली तेवढीच. पण यादीत ती ऐटीत बसली होती. लांबलचक परिच्छेद, खिळे, ओळींमधल्या पट्ट्या, मजकूर उलटा वाचण्याचं कसब, सगळं. पातळी: कुशल. बाबा चष्मा काढून वाचत राहिले. "एकूण एक बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "काम मेलं, वर्णन जिवंत आहे." त्यांना त्याचं समाधान वाटलं की दुःख, मला कळलं नाही.

मग मी "लॅब" शोधलं. एकाखाली एक दोन ओळी आल्या. वरची, लॅब टेक्निशियन, रसायन. खालची, लॅब अटेंडंट. कॉलेजच्या दोन जागांना हे दोन्ही क्रमांक चालत होते.

खालची आधी उघडली. तीन ओळींचं वर्णन होतं. देखरेखीखाली काचसामान धुतो. जागा स्वच्छ ठेवतो. सांगितलेल्या वस्तू आणून देतो. पातळी: प्राथमिक. शिक्षण: आठवी.

"असं करतेस तू?" मी आईला विचारलं. अकरा वर्षांनी.

"धुते तर," आई म्हणाली.

"आणि?"

आणि मग ती बोलायला लागली. सकाळी पहिल्या बॅचच्या आधी ती प्रत्येक टेबलावर मांडणी करते: ब्युरेट, पिपेट, फ्लास्क, खाली पांढरी फरशी, रंग बदलणाऱ्या द्रावणाची छोटी बाटली. कोणत्या दिवशी कोणतं प्रॅक्टिकल ते तिला पाठ आहे. द्रावणं तीच करते. वजन, पाणी, किती हलवायचं, आधी ऍसिड की आधी पाणी. "आधी पाणी," ती मला दरडावून म्हणाली, जणू मी आत्ता चूक करणार होते. लेबल पुसलेली बाटली ती वासावरून आणि खाली बसलेल्या साक्यावरून ओळखते. तुटलेली ब्युरेट कोणत्या पोराने लपवली ते तोंडावरून ओळखते. सर वर्गात उशिरा येतात, तोवर ब्युरेट कशी भरायची, नजर कुठे ठेवायची, तोटी किती उघडायची हे पोरांना ती दाखवते.

"घाईत असतात गं. थेंब थेंब सोडायचं सोडून धार सोडतात. मग सगळं गडद होतं. मी म्हणते, अरे बेटा, हल्का गुलाबी बोला था, तू तो शादी का कार्ड छाप रहा है."

बाबा मोठ्याने हसले. मी हसले नाही. मी तिच्या बोटांकडे बघत होते. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं टोकाला काळी होती. ती कायमच काळी होती. मला ते स्टोव्हचं, तव्याचं, वयाचं वाटत आलं होतं.

"हे काय आहे?"

"सिल्व्हर नायट्रेट. धुऊन जात नाही, कातडी बदलली की जातं. तोवर नवीन लागतं."

"ग्लोव्ह्ज नाही देत?"

"स्टाफला देतात." मग, मला राग येतोय हे बघून, "अगं, दुखत नाही ते."

मी वरची ओळ उघडली. टेक्निशियन. उपकरणांची मांडणी करतो. द्रावणं तयार करतो. रसायनांची नोंद व साठा ठेवतो. विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकात साहाय्य करतो. एकेक वाक्य मी मराठीत करून वाचलं आणि आई प्रत्येक वाक्यावर मान डोलवत गेली, कीर्तनाला बसल्यासारखी. "हो. हे पण. हे पण." शेवटी म्हणाली, "मतलब हे माझंच लिहिलंय की."

शिक्षणाच्या पुढे लिहिलं होतं: बारावी विज्ञान किंवा समकक्ष अनुभव.

"आठवी आहे माझी," आई म्हणाली.

"किंवा," मी म्हणाले. "किंवा समकक्ष अनुभव. अकरा वर्षं म्हणजे काय कमी अनुभव?"

"खालची केली तर?"

"खालची खोटी आहे, आई. तीन ओळींत बसतेस तू?"

बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं. वरची ओळ. त्यांच्या बोटाला शाई होती, आईच्या बोटाला चांदी. त्या क्षणी मला आम्ही तिघं फार थोर वाटलो. मी क्लिक केलं, क्रमांक अर्जात घातला आणि पाठवून दिला. छापलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द, असं आमच्या घरात समजतात. "किंवा" लिहिलंय म्हणजे कुणीतरी बसून तो "किंवा" तपासणार, अशी माझी समजूत होती. ही चूक दुसऱ्या घरात झाली नसती. दुसऱ्या घरातल्या माणसाने आईचं शिक्षण बघून मुकाट खालची ओळ निवडली असती.

आठवड्याने मोबाइलवर मेसेज आला. अर्ज अपात्र. कारण: शैक्षणिक अर्हता. हरकत असल्यास तीन दिवसांत.

मी पोर्टलच्या हेल्पलाइनला फोन लावला. चौथ्यांदा लागला. बाई चांगली होती, तिने खरं सांगितलं. "मॅडम, अनुभव कोई नहीं देखता. सिस्टम शिक्षण का कॉलम पढ़ता है. बारहवीं नहीं, तो बाहर."

"तो फिर लिखा क्यों है, या समकक्ष अनुभव?"

"वो तो फॉर्मेट में है."

फॉर्मेटमध्ये आहे. लग्नपत्रिकेवर "आपली उपस्थिती हाच आहेर" छापतात तसा तो "किंवा" छापला होता. त्यावर विसंबून माझ्या आईसारख्या किती जणी बाहेर पडल्या असतील, ते कुठल्याही यादीत नाही. ज्यांनी कधी ब्युरेट हातात धरली नाही त्यांनी आईच्या कामाचे दोन तुकडे केले. हुशारीचा तुकडा बारावीवाल्यांना दिला, धुण्याचा तिला. आणि तिने दोन्ही केलं तरी मधली भिंत तिनेच ओलांडली असा गुन्हा तिच्यावर ठेवला. मेलेल्या कंपोझिटरसाठी यांच्याकडे अख्खा परिच्छेद आहे. जिवंत बाईसाठी तीन ओळी.

मी घरी येऊन हे सगळं मोठ्याने म्हणाले. आणि मग म्हणाले, "पत्रक काढू."

बाबा लगेच तयार. त्यांनी वहीतून पान फाडलं. "ए-फाइव्हमध्ये बसवू. मथळा मोठा. कॉलेजच्या गेटवर सकाळच्या बसला वाटायचं. मी स्वतः उभा राहतो."

"मथळा, लॅब कोण चालवतं?"

"चांगला आहे. खाली प्रश्नचिन्ह मोठं घेऊ."

आई तांदूळ निवडत होती. ती थांबली नाही, फक्त म्हणाली, "त्या गेटातून रोज सकाळी कोण जाणार आहे? तुम्ही दोघं?"

बाबांनी पेनाचं टोपण लावलं.

"वरची ओळ, वरची ओळ. मला विचारलं का एकदा तरी, बाई तुला कुठली हवी? मी म्हटलं होतं खालची. तुम्हाला दोघांना माझा मान मोठा करायचा होता. मला पगाराची रजा हवी होती." ताटातले खडे तिने दारातून बाहेर भिरकावले. "आजोबांचं भूत बसलंय तुमच्या दोघांच्या बोटात."

बाबा उठून दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांनी पानाची घडी केली, परत उलगडली, परत घडी केली. मग म्हणाले, "चुकलंच ते."

"भांडण नको," आई म्हणाली. "उद्या माझी सुट्टी टाकते. पोरी, तू चल माझ्याबरोबर."

एजन्सीचं ऑफिस राजवाड्याच्या मागे, साड्यांच्या एका ठोक दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात गठ्ठे, गठ्ठ्यांवर हमाल बसलेले, त्यांच्यामधून वाट काढत वर गेलो. काउंटरवर माझ्याच वयाचा एक माणूस होता. गुटखा गालात, कम्प्युटरवर क्रिकेट.

मी पत्रकाच्या भाषेत सुरुवात केली. अन्याय, वर्णनातला विरोधाभास, समकक्ष अनुभवाचा अर्थ. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "दीदी, बात तो आपकी सोला आने सही है. पर मेरे पास बटन ही दो हैं."

दोन बटणं अशी: अर्ज बंद करा, किंवा दुरुस्ती करा. दुरुस्तीला एक घोषणापत्र जोडावं लागतं. त्याने ते काढून दिलं. मी वाचलं आणि माझे कान तापले. त्यात लिहिलं होतं: मेरे द्वारा पूर्व में दी गई जानकारी असत्य थी. खाली सही. म्हणजे आईने लिहून द्यायचं की मी द्रावणं करते हे खोटं, मांडणी करते हे खोटं, पोरांना शिकवते हे खोटं. मग तिला धुण्याची जागा मिळेल.

"हे नाही सही करायची," मी म्हणाले.

"दीदी, फिर रहने दो. तीन दिन का टाइम है, आज तीसरा है."

"नाही करायची, आई. ज्या दिवशी आपण हे लिहून देऊ त्या दिवशी..."

"ऊपर पंखा लगा दो भिया," आई त्या भैयाला म्हणाली, "मेरी लड़की को गर्मी हो रही है."

त्याने पंखा लावला. आईने कागद स्वतःकडे ओढला. ती हिंदी सावकाश वाचते, ओठ हलवत. त्याने मधे तिची बोटं पाहिली आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अम्मा, अंगूठा लगेगा?"

"अंगूठा पहले से काला है," आई म्हणाली. "पेन दो."

मी तिला थांबवायला हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला केला, माशी हाकलावी तसा. "काम माझं आहे. सही माझी आहे. तू फक्त बघ."

तिने वाक्यावर बोट फिरवलं, "असत्य" या शब्दापाशी थांबली आणि त्यावर आडवी रेघ मारली. एकच, सरळ, लेबल खोडतात तशी. आणि वर लिहिलं: ऊपर की लाइन की. आता वाक्य असं झालं: मेरे द्वारा पूर्व में दी गई जानकारी ऊपर की लाइन की थी. खाली तिने पूर्ण नावानिशी सही केली.

तो माणूस हसायला लागला. "अरे अम्मा, काटपीट नहीं चलती इसमें."

"मैं झूठ नहीं बोली, भिया," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. बाटलीचं बूच काढताना असतो तसा तिचा हात काउंटरवर स्थिर होता. "ऊपर की लाइन का काम मैं करती हूँ. कल आके देख लो. नौकरी नीचे की लाइन की दे दो, वो चलेगी. पर झूठी मत लिखवाओ. तुम्हारी अम्मा से लिखवाते क्या?"

त्याने गुटखा दुसऱ्या गालात घेतला. कागद परत एकदा वाचला. मग स्कॅनरवर उलटा टाकला. "चलो. मशीन को कौन सा पढ़ना आता है. इसको फाइल चाहिए, फाइल मिल गई." पडद्यावर यादी उघडली. दोन ओळी. त्याने माउस आमच्याकडे फिरवला. "आवेदक को खुद करना पड़ता है."

मी माउस धरला नाही. मला जमलं नाही. आईने काळ्या बोटाने खालच्या ओळीवर क्लिक केलं.

त्यावेळी तिथे मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नाही, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. काउंटरवरच्या माणसावर काढता येत नव्हता, त्याने आमचं काम केलं होतं. मी जिना उतरताना एका गठ्ठ्याला लाथ मारली. हमाल म्हणाला, "ओ मैडम, साड़ी है, दुश्मन नहीं." आईने त्याची माफी मागितली.

यादी लागली. आईचं नाव होतं. नवा ठेकेदार गाडीतून उतरला त्या दिवशी ती गेटच्या आत होती. बाहेर रांगेत तिच्या नऊ मैत्रिणी होत्या, त्यातल्या चौघींकडे बोट झालं. उरलेल्या पाचजणींनी अर्ज केला होता का, केला तर काय भरलं होतं, ते मी नंतर एकेकीच्या घरी जाऊन विचारलं. तिघींनी पोर्टलने चाचणीत सुचवलं तेच निवडलं होतं: साफसफाई. लॅबच्या जागेला तो क्रमांक चालत नाही. दोघींना अर्ज करता येतो हेच माहीत नव्हतं. नोटीस इंग्रजीत होती.

आईला ओळखपत्र मिळालं, रजा मिळाली, ग्लोव्ह्ज मिळाले. दुसऱ्या जागेवर बारावी विज्ञान झालेली एक मुलगी आली, वरच्या ओळीची, आईच्या दीडपट पगाराची. आईच तिला सगळं शिकवते. "चांगली आहे पोरगी," आई म्हणते. "हात थरथरतो अजून." मला त्या मुलीचा राग येत नाही. हे लिहिताना मी तपासून पाहिलं, खरंच येत नाही. ज्याने यादीत या दोन ओळी अशा आखल्या, त्याचा येतो. तो रोज येतो, चहासारखा, वेळेवर.

यादीतल्या प्रत्येक कामाच्या पानाखाली एक छोटा चौकोन असतो: या वर्णनात सुधारणा सुचवा. बहुतेक लोक तिथवर खाली जातच नसतील. आता दर रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं बसतो आणि मी खालच्या ओळीचं पान उघडते. आई सांगते, मी लिहिते, बाबा शुद्धलेखन बघतात. एका वेळी एकच वाक्य. पाठवलं की उत्तर येतं, आपली सूचना प्राप्त झाली. आजवर तीन ओळींच्या चार झालेल्या नाहीत. पाच बायकांपैकी दोघी आता येऊन बसतात. त्यांच्या कामांची पानंही उघडावी लागतात, त्यामुळे दुपार पुरत नाही. बाबांनी सगळ्या वाक्यांची एक प्रत वेगळ्या वहीत ठेवली आहे. ए-फाइव्हमध्ये किती पानं होतील याचा हिशेब त्यांनी कोपऱ्यात करून ठेवलाय. ते आईला दिसतं. ती अजून काही बोललेली नाही.

गेल्या रविवारी मी लिहायला घेतलं, "काचसामान धुतो," आणि त्याला पुढे काय जोडायचं ते आईला विचारलं.

"ते पहिलं नको," आई म्हणाली. "धुणं मागे टाक. पहिलं लिही, ओळखते. कुठल्या बाटलीत काय होतं ते ओळखल्याशिवाय धुतलंस ना, तर हात जळतो."